ब्रेक कॅलिपरचा पिस्टन जाम झालाय, घरी काढता येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा संपत आला की हे प्रश्न यायला लागतात. गाडी सोसायटीत उघड्यावर भिजत उभी असते, मग गणपतीला किंवा दिवाळीला गावी न्यायला काढली की एक चाक तापतं, जळका वास येतो आणि गॅरेजवाला म्हणतो अख्खा कॅलिपर (डिस्कवर बसून पॅड दाबणारा भाग) बदला. दर वेळी बदलायची गरज नसते म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. इथलं बहुतेक आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांच्या पुढच्या चाकाबद्दल आहे, म्हणजे स्विफ्ट, वॅगनआर यांच्यासारखा एका पिस्टनचा सरकता कॅलिपर. मागच्या डिस्कचा प्रश्न वेगळा आहे, तो १४ आणि १५ मध्ये.

१. पिस्टन अडकतो म्हणजे नक्की काय होतं?

पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलतं, पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोरावर कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही दाबतो. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग वगैरे काही नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पिस्टनभोवती चौकोनी कापाची रबरी सील असते, पेडल दाबताना ती जराशी पिळली जाते आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. एवढ्याशा हालचालीवर सगळं चालतं. म्हणून पिस्टनवर थोडा गंज आला, सील फुगली किंवा कडक झाली, धुळीचा रबर बूट फाटून आत चिखल गेला, की पिस्टन तिथेच राहतो आणि पॅड डिस्कला घासत बसतो.

२. गाडी एका बाजूला ओढते, एक चाक गरम होतं. पिस्टनच ना?

असू शकतो, पण लगेच ठरवू नका. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या, डिस्कला अजिबात हात लावायचा नाही, भाजेल. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर त्या बाजूचा ब्रेक धरून राहिलाय. त्या चाकावर काळी धूळ जास्त दिसते, मायलेज पडतं, सपाट जागी न्यूट्रलला टाकून ढकलली तर गाडी जड जाते.

ओढण्याची दिशा बघून बरंच कळतं. ब्रेक न लावता गाडी डावीकडे जाते तर डावा ब्रेक सुटत नाहीये. ब्रेक लावल्यावरच डावीकडे जाते तर उलट, उजवा पिस्टन नीट बाहेर येत नसेल आणि सगळं काम डावा करत असेल. टायरची हवा आधी बघून घ्या, कमी हवेनंही गाडी ओढते.

३. पिस्टन, गाईड पिन की होज पाइप, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

हे न करता पिस्टन उचकटायला बसू नका. मला येणाऱ्या मेसेजेसमध्ये कितीतरी वेळा पिस्टन ठणठणीत असतो आणि पिन सुकलेल्या असतात.

गाडी नीट स्टँडवर घ्या (प्रश्न ६), चाक काढा, कुणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा आणि डिस्क हातानं फिरवून बघा. थोडी घासली तरी फिरली पाहिजे. घट्ट धरून बसली असेल तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) जरासं उघडा. ऑइलची पिचकारी आली आणि डिस्क मोकळी झाली, तर पिस्टनचा दोष नाही, मागे कुठेतरी दाब अडकलाय. बऱ्याचदा रबरी होज आतून फुगलेली असते, बाहेरून छान दिसते पण आतलं भोक बंद होत आलेलं असतं, पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं पण आपलं आपण परत येत नाही. निपल उघडूनही डिस्क तशीच घट्ट, तर अडचण कॅलिपरमध्येच आहे.

मग कॅलिपरचे बोल्ट काढून तो ब्रॅकेटवरून उचला आणि दोन्ही गाईड पिना हातानं आत-बाहेर करा. बोटाच्या जोरानं सरकल्या पाहिजेत. पक्कड लावावी लागली तर दोषी पिन. ती काढा, साफ करा, ग्रीस लावा (कुठलं ते प्रश्न ११ मध्ये), काम संपलं. काही गाड्यांत दोनपैकी एका पिनेच्या टोकाला छोटा रबर असतो, ती वरची का खालची हे काढतानाच फोटो काढून ठेवा, अदलाबदल केली तर परत तेच होईल.

पिना मोकळ्या आणि पिस्टन मात्र सी-क्लॅम्पनं (C आकाराच्या शिकंज्यानं) दाबताना जागचा हलत नाही किंवा धक्क्याधक्क्यानं जातो, तर पिस्टन. पुढचं सगळं तुमच्यासाठी.

४. तोपर्यंत गाडी चालवू का? गावी जायचंय फक्त.

नको. आणि घाट असेल तर अजिबात नको. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवीन डॉट ३ (ब्रेक ऑइलची ग्रेड) चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी शोषलेल्याचा १४० पर्यंत खाली येतो, डॉट ४ चा २३० वरून १५५. घासत राहिलेलं चाक आधीच तापलेलं, त्यात ताम्हिणी किंवा कुंभार्लीसारखा उतार लागला आणि पाय सारखा ब्रेकवर राहिला की ऑइलला उकळी फुटते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल सरळ तळाला जातं. ब्रेक एका चाकाचा खराब असतो पण पाय मोकळा जातो. जवळच्या गॅरेजपर्यंत सपाट रस्त्यानं हळू, मध्ये थांबून गार करत न्या, नाहीतर टो करा.

५. काय काय सामान लागेल?

जॅक, दोन स्टँड, चाकांना लावायला दगड किंवा ठोकळे, व्हील पाना, रिंग पाने आणि गोटी सेट (कॅलिपरला बहुतेक १२, १४ किंवा १७, ब्लीडरला ८ किंवा १०), सी-क्लॅम्प, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, लाकडाची पट्टी, पारदर्शक पाइपचा तुकडा आणि बाटली, तुमच्या गाडीच्या झाकणावर लिहिलंय त्याच ग्रेडचं नवीन सीलबंद ब्रेक ऑइल, सील किट, होजच्या बोल्टसाठी नवीन तांब्याचे वॉशर. हातमोजे आणि गॉगल. किट गाडी खोलायच्या आधी आणा, दुकानं रविवारी बंद असतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा ठिकाणी सहज मिळतं, मॉडेल आणि वर्ष सांगा, जमलं तर जुन्या कॅलिपरचा फोटो दाखवा.

६. गाडीबरोबर आलेल्या जॅकवर काम केलं तर चालेल का?

तो जॅक स्टेपनी बदलायला दिलाय. या कामात तुम्ही जाम झालेले बोल्ट टॉमी (लांब दांडी) लावून ताणणार, गाडी हलणार. सपाट काँक्रीट, गिअरमध्ये गाडी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे, आणि वजन स्टँडवर. काढलेलं चाक सुद्धा चॅसीखाली आडवं सरकवून ठेवा. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड फळी घाला, ब्लॉक खचतात.

७. दादा, सी-क्लॅम्पनं जोर लावला आणि पिस्टन गेला आत. नवीन पॅड टाकले. मग झालं ना काम?

नाही झालं, आणि हे मला सगळ्यांना सांगायचंय. पिस्टन आत गेला म्हणजे त्याचा गंजलेला बाहेरचा भाग आता सीलमधून पार गेला. जुने पॅड झिजल्यामुळे तो भाग बाहेर राहून पाणी खात होता, जाड नवीन पॅड टाकल्यावर तोच खरखरीत पत्रा सीलवर घासतो. आठवडा-महिना बरं चालतं, मग एकतर परत धरतो किंवा ऑइल गळायला लागतं. म्हणजे जो ब्रेक सुटत नव्हता तो आता लागणारच नाही. अडकलेला पिस्टन एकदा बाहेर काढून डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुरुस्ती झाली असं धरू नका.

आणि दाबायचाच असेल तेव्हा ब्लीडर उघडून त्याला पाइप लावून दाबा. बंद ठेवून दाबलं की कॅलिपरमधला सगळा काळा गाळ उलटा एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटकडे जातो, वर रिझर्व्हॉयर (ब्रेक ऑइलची टाकी) भरून रंगावर सांडतो ते वेगळंच.

८. बाहेर कसा काढायचा?

गाडीच्याच ब्रेकनं. त्याच्याइतकं सोपं आणि बेताबेतानं जोर देणारं दुसरं काही घरात नसतं, म्हणून होज आधी सोडू नका, ती चूक केली की हा रस्ता बंद.

कॅलिपर ब्रॅकेटवरून काढा, पॅड काढा, तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा, होजवर लटकू देऊ नका. पिस्टनसमोर लाकडाची पट्टी ठेवा, म्हणजे सुटला तर लाकडावर येईल. खाली ट्रे. रिझर्व्हॉयर भरलेला ठेवा. इंजिन बंद. आता एकानं पेडल अगदी सावकाश दाबायचं आणि दुसऱ्यानं पिस्टनवर नजर ठेवायची. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे ते पार तळाला जाणार नाही, जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या जोरानं ऑइल ढकलणाऱ्या भागाचा) जो भाग कधी वापरलाच जात नाही तिथे गंज असतो आणि पेडल तळापर्यंत नेलं की त्याच्या सीलही कापल्या जातात, एकाची दोन कामं.

पिस्टन थोडा आला की बूटच्या कडेनं ब्रेक क्लीनर मारा, थोडा परत दाबा, परत बाहेर आणा. असं खेळवत आणला की चांगला सुटतो. जवळजवळ पूर्ण बाहेर आला की थांबा, मगच होजचा बोल्ट काढा, होजचं तोंड स्वच्छ रबरानं बंद करा आणि पिस्टन हातानं फिरवत काढा. ऑइल रंगावर पडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, फडक्यानं चोळू नका.

९. पेडलनंही हलत नाही. कॉम्प्रेसरची हवा मारू का?

गॅरेजमध्ये मारतात, पण घरी मी नाही सांगणार. हवा दबते आणि साठते, पिस्टन आधी हलत नाही आणि मग गोळीसारखा सुटतो, मध्ये बोट असेल तर चेंगरतं.

ग्रीस गन वापरा. कॅलिपर टेबलावर घ्या, ब्लीडर बंद करा, होजच्या भोकाला बसेल असा ग्रीस निपल आट्यांत बसवा आणि ग्रीस भरत जा. ग्रीस दबत नाही, त्यामुळे जोर प्रचंड लागतो पण पिस्टन उडत नाही, गनच्या प्रत्येक दाबाला केसभर पुढे येतो. नंतर आतला कणन् कण काढायचा, ब्लीडरचं भोक, होजचं भोक, सीलची खाच, सगळं ब्रेक क्लीनरनं धुवायचं, कारण साधं ग्रीस ब्रेकच्या रबराला खातं. जुनी सील परत वापरायचा प्रश्नच नाही. एवढ्यानंही नाही आला तर नवीन कॅलिपर. पक्कडीनं पिस्टन ओरबाडू नका, गॅस टॉर्चनं तापवणं तर अजिबात नको, आतलं ऑइल पेट घेतं.

१०. पिस्टनवर गंज आहे, बोअरमध्ये (पिस्टन बसतो त्या भोकात) पण डाग आहेत. पॉलिश पेपर मारला तर?

इथे फरक समजून घ्या. सील बसलेली असते कॅलिपरच्या खाचेत आणि ती घासते पिस्टनवर. म्हणून पिस्टनचा पृष्ठभाग बिनडाग हवा, बोअर थोडी मळकी चालते. स्टीलच्या पिस्टनवर क्रोमचा थर असतो, नुसता मळ किंवा वरवरचा डाग ब्रेक क्लीनर आणि फडक्यानं जातो. पण नखाला खड्डा लागतो, क्रोमचा पापुद्रा उडालाय, तर पेपर मारून उपयोग नाही, उरलेलं क्रोमही जातं आणि खाली लगेच गंज धरतो. नवीन पिस्टन घ्या, सुटा मिळतो. काही गाड्यांत पिस्टन काळसर-तपकिरी कडक प्लास्टिकसारखा असतो, त्याला गंज नाही पण कडा तुटतात, तडा दिसला की बाद.

बोअरपेक्षा खाचा जास्त महत्त्वाच्या. सीलच्या खाचेत गंज फुगला की तो सीलला आतून वर उचलतो आणि पिस्टन आवळला जातो. नवीन सील टाकूनही परत जाम होतो त्याचं हे मोठं कारण आहे. दाताचा जुना ब्रश, लाकडाची काडी, फार तर पितळी ब्रश, यांनी शांतपणे खाच साफ करा, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका. खाचेत खड्डे पडले असतील तर कॅलिपर बदला.

११. डब्ल्यूडी-४०, पेट्रोल, डिझेल, घरातलं ग्रीस, यातलं काय चालतं?

रबराजवळ यातलं एकही नाही. ब्रेकची रबरं ग्लायकॉलवाल्या ब्रेक ऑइलसाठी बनलेली असतात, पेट्रोल-डिझेल, इंजिन ऑइल, पिवळं बेअरिंग ग्रीस लागलं की फुगतात. डब्ल्यूडी-४० जाम झालेल्या बोल्टच्या आट्यांवर मारा, पॅड आणि डिस्कपासून लांब. गाईड पिनेला सिलिकॉन किंवा ब्रेकचं म्हणून मिळणारं ग्रीस. सीलला नवीन ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीस. धुवायला ब्रेक क्लीनर.

१२. नवीन सील आणि बूट बसवताना पिस्टन आत जातच नाही, वाकडा होतो.

सील ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटानं खाचेत बसवा आणि बोट पूर्ण गोल फिरवून बघा, कुठे पीळ नको. बूटचे दोन प्रकार असतात पण बहुतेकांत आधी तो पिस्टनच्या मागच्या टोकावर चढवायचा, त्याची बाहेरची कड कॅलिपरच्या खाचेत बसवायची आणि मग पिस्टन आत ढकलायचा. दोन्ही अंगठ्यांनी, सरळ, थोडं फिरवत. इंजेक्शनच्या सिरिंजचा दांडा वाकडा धरला तर जसा अडतो तसाच हा अडतो, जोर न लावता बाहेर घ्या आणि परत सरळ करा. अंगठ्यांनी जायला पाहिजे. हातोडा नाही.

बोल्ट आवळताना मॅन्युअलमधला टॉर्क बघा. साधारण अंदाज हवा असेल तर पिनांचे बोल्ट २५ ते ३५ न्यूटन मीटर, ब्रॅकेटचे ८० ते ११०, ब्लीडर मात्र जेमतेम १० च्या आत, तो पोकळ असतो, जास्त आवळला की मोडतो.

१३. हवा काढली तरी पेडल स्पंजी आहे.

आधी पद्धत. ब्लीडरला पारदर्शक पाइप, पाइपचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. तुम्ही म्हणायचं "दाब", पेडल दाबून धरलं की निपल उघडायचं, बुडबुडे गेले की बंद करायचं, आणि बंद केल्यावरच म्हणायचं "सोड". हा क्रम चुकला की हवा परत आत. एकाच कॅलिपरचं काम असेल आणि रिझर्व्हॉयर मध्ये रिकामा झाला नसेल तर बहुतेक वेळा तेवढंच चाक पुरतं.

तरी स्पंजी असेल तर ब्लीडर कॅलिपरच्या वरच्या अंगाला आहे का बघा. दोन्ही बाजूंचे कॅलिपर काढले असतील आणि डावा उजवीकडे गेला असेल तर निपल खाली येतं, हवा वर राहते, दिवसभर पेडल मारलं तरी निघत नाही. रिझर्व्हॉयर रिकामा होऊन एबीएस युनिटमध्ये हवा गेली असेल तर स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये न्यावं लागेल.

गाडी हलवायच्या आधी, इंजिन चालू करून, पेडल कडक होईपर्यंत मारा. पहिल्या एक-दोन दाबांना ते तळाला जातंच, तेव्हा गाडी उभी असली पाहिजे.

१४. मागच्या डिस्कचा पिस्टन कितीही दाबला तरी आत जात नाही.

अडकलेला नसेलच. हँडब्रेकची केबल त्याच कॅलिपरला येत असेल तर आत स्क्रू असतो, पिस्टन दाबून नाही, फिरवून आत जातो. त्याच्या तोंडावर खाचा दिसतील, त्यासाठी पिस्टन फिरवायचं टूल मिळतं. बहुतेक घड्याळाच्या दिशेनं, काही उलटे. सी-क्लॅम्पनं दाबलात तर आतली यंत्रणा मोडते. शेवटी पिस्टनच्या खाचा पॅडच्या मागच्या खुंटीला जुळल्या पाहिजेत. मागे ड्रम असेल तर हा प्रश्न तुमचा नाही.

१५. हँडब्रेकचं बटण आहे, दांडी नाही. तसंच करायचं का?

आधी स्कॅनरनं किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनं सर्व्हिस मोड, मग हात. मोटर आत घट्ट असताना दाबलं तर मोटरचे गिअर जातात. काम चालू असताना इग्निशन ऑन करू नका.

१६. किट टाकू की नवीन कॅलिपर? दोन्ही बाजू करायच्या का?

पिस्टन आणि खाचा चांगल्या असतील तर किट, खर्च शेकड्यांत जातो, नवीन कॅलिपरचा हजारांत. ब्लीडर मोडून आत राहिलाय, खाचेत खड्डे आहेत, तर नवीन. पॅड मात्र नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम, आणि घासून जळालेला, काचेसारखा चकाकणारा पॅड परत वापरू नका. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर तेवढाच म्हातारा असतो, निदान त्याचा बूट आणि पिना उघडून बघा.

१७. सगळं नवीन केलं तरी तेच चाक तापतंय.

होज. प्रश्न ३ मधली ब्लीडरची टेस्ट परत करा. दोन्ही पुढची चाकं तापत असतील तर मास्टर सिलिंडरकडे बघा, पेडलचा रॉड जास्त लांब सेट झाला असेल तर पेडल सोडूनही ऑइलला परतायचं भोक बंद राहतं. आणि चाक हलवून व्हील बेअरिंग तपासा, तेही तापतं.

१८. गाडी पुरात उभी होती. ब्रेक खोलावेच लागतात का?

हो, चालत असली तरी. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीच्या पुरात गाड्या बुडाल्या तसा गाळाचा पूर असेल तर बारीक चिखल बूटच्या घडीत बसतो आणि काही महिन्यांनी पिस्टन धरतो, तोवर पूर विसरलेला असतो. चारही चाकं उघडा, बूट धुवा, सगळं ब्रेक ऑइल बदला. बीचवर गाडी घालणाऱ्यांनाही तेच, खारं पाणी लागलं की त्याच दिवशी चाकांच्या आतून गोड्या पाण्यानं धुवा.

१९. रात्रभर पाऊस, सकाळी गाडी हलेना, मग कट् आवाज होऊन सुटली. पिस्टन गेला?

बहुतेक नाही. ओल्या डिस्कवर किंवा ड्रमवर रातोरात गंजाचा थर येतो आणि पॅड किंवा लायनर त्याला चिकटतं. पहिल्या चार-दोन ब्रेकमध्ये निघून जातं. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा. नंतरही चाक तापत राहिलं तर प्रश्न २.

२०. बाटलीत ब्रेक ऑइल उरलंय. पुढच्या वर्षी वापरू?

नको. उघडलेली बाटली झाकण लावूनही ओल घेते, आणि कोकण-मुंबईच्या हवेत तर लवकर घेते. लहान बाटली घ्या, एका चाकाला फार लागत नाही. गाडीतलं ऑइल साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, रंग चहासारखा झाला असेल तर त्याआधी. काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, बाटलीत भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या, पण त्यांच्या इंजिन ऑइलच्या पिंपात न मिसळता वेगळं, आणि बाटलीवर मार्करनं नाव लिहा म्हणजे कुणी चुकून परत भरणार नाही.